मोसंबीचा पिवळेपणा आणि ग्लायसीनयुक्त खते

पैठण परिसरात मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की बरेच शेतकरी 'अमिनो आम्ल चिलेटेड' लोहाची बाटली आणतात. त्यातील अमिनो आम्ल बहुतेक वेळा ग्लायसीन असते. ते काय करते आणि काय करत नाही, हे समजून मगच खर्च करा.

ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल (रेणुसूत्र C₂H₅NO₂, रेणुभार सुमारे ७५). हेन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० मध्ये ते जिलेटिनपासून मिळवले. चव गोड, पाण्यात सहज विरघळते. रेणूच्या एका टोकाला अमाईन, दुसऱ्या टोकाला आम्ल गट असतो. या दोन टोकांच्या चिमट्यात लोह, जस्त, तांबे धरले जातात. हेच चिलेशन.

पण हा चिमटा सैल आहे. आपल्या चुनखडीयुक्त, सामू ८ च्या पुढच्या जमिनीत ग्लायसीन लोहाला धरून ठेवू शकत नाही. लोह लगेच अविद्राव्य होते आणि ग्लायसीन जिवाणू खाऊन टाकतात. अशा जमिनीत ईडीटीए लोहसुद्धा टिकत नाही. जमिनीतून किंवा ठिबकमधून लोह द्यायचे असेल, तर ईडीडीएचए चिलेट घ्या. महाग असते, पण टिकते. ग्लायसीनचे लोह फवारणीसाठी ठेवा. तेथे मातीचा संबंध येत नाही, त्यामुळे सैल पकड अडचणीची ठरत नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावी.

ताम्रयुक्त बुरशीनाशकात मात्र ते मिसळू नका. ग्लायसीन तांब्याला लोहापेक्षा घट्ट धरते, त्यामुळे विरघळलेले तांबे वाढते आणि पाने करपू शकतात.

'नत्रही मिळते' हा दावा हिशेबाने तपासा. ग्लायसीनमध्ये नत्र सुमारे १८.७ टक्के असते. २० टक्के अमिनो आम्ल असलेल्या अर्धा लिटर बाटलीत साधारण १०० ग्रॅम अमिनो आम्ल येते. ते सगळे ग्लायसीन धरले, तरी नत्र १९ ग्रॅमच्या आत, म्हणजे ४० ग्रॅम युरियाइतके. नत्रासाठी ही बाटली घेणे परवडणारे नाही.

लेबलवर धातूचे टक्के आणि चिलेट करणाऱ्या पदार्थाचे नाव पाहा. नुसते 'अमिनो पॉवर' लिहिलेले असेल, तर दुकानदाराला विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसरी बाटली बघा.