पटपडगंजच्या आधीचा महिना

ऑगस्ट १८०३. यमुना दुथडी भरून वाहतेय आणि तुम्ही दिल्लीत, दिल्ली दरवाजाजवळच्या चिखलात उभे आहात. पुढ्यात तोफगाडा रुतलाय. बैल धापा टाकताहेत, गाडीवान शिव्या हासडतोय. तोफेवर हात ठेवून बघा. हा माल विलायतेचा नव्हे. महादजी शिंद्यांच्या हयातीत त्यांचा युरोपीय सेनापती द बॉयन याने आग्र्याला कारखाना उभा केला, सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतू लागला. बंदूक तिथे दहा रुपयांत तयार होते. वाफेचं यंत्र नाही, सगळं हाताचं काम. तरीही इंग्रज सेनापतींनी धास्ती घ्यावी असा माल निघतो.

शेजारच्या पलटणीतला शिपाई कवायतीतून घामाघूम होऊन आलाय. त्याला विचारा, पगार कोण देतं? तो शिंद्यांचं नाव घेणार नाही. ‘पेरॉं साहेब’ म्हणेल, म्हणजे द बॉयनच्या जागी आलेला फ्रेंच सेनापती. खरी मेख इथेच आहे. कंपूच्या, म्हणजे या कवायती फौजेच्या, खर्चासाठी दुआबातला मुलूख जायदाद म्हणून थेट सेनापतीला तोडून दिलेला. सारा त्याच्याकडे जमा, पगार त्याच्याच हातून. महादजी गेले १७९४ साली, द बॉयन दोन वर्षांनी हिंदुस्थान सोडून गेला. महादजींचा वारस दौलतराव आता दूर दक्षिणेत. किल्ल्यात आंधळा शाह आलम तख्तावर, आणि अलीगढला पेरॉं स्वतःच्या पुंजीची काळजी करत बसलाय. मला विचाराल तर तोफेत खोट नव्हती, हिशेबाच्या वहीत होती.

महिना सरता सरता गव्हर्नर जनरल वेलस्लीचा जाहीरनामा निघेल: शिंद्यांची नोकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची सोय ईस्ट इंडिया कंपनी करील. कितीतरी तंबू रिकामे होतील. ४ सप्टेंबरला अलीगढ पडेल आणि पेरॉं लगेच कंपनीच्या आश्रयाला जाईल.

तोफगाडा निघाला बघा, सगळ्यांनी मिळून रेटला. तो नदीपार पटपडगंजकडे जाईल. ११ तारखेला तिथे इंग्रज सेनापती लेकच्या फौजेशी गाठ पडेल, आणि शिंद्यांचा सरदार बुर्क्वँ रणातून काढता पाय घेऊन तीन दिवसांनी शत्रूच्या स्वाधीन होईल. ६८ तोफा इंग्रजांच्या हाती लागतील. आग्र्याचा किल्ला ऑक्टोबरात पडेल, कारखान्यासकट.