बीडची छागल आणि गार्बेज कलेक्टर

जावामध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक सुख असतं. वापरून झालेली मेमरी साफ करायची फारशी चिंता नाही. गार्बेज कलेक्टर नावाचं प्रकरण मागच्या बाजूला आपलं काम करत असतं, आपण तिकडे बघायलाही जात नाही. आजचा लेख अशाच एका न दिसणाऱ्या गार्बेज कलेक्टरबद्दल आहे. फरक इतकाच की हा माणूस होता.

बीड शहर एकेकाळी छागलींसाठी प्रसिद्ध होतं. छागल म्हणजे पाण्याची चामडी पिशवी. (संस्कृतात छाग म्हणजे बोकड, त्यावरून हा शब्द.) चामड्यातून पाणी किंचित पाझरतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विजेशिवाय चालणारा फ्रीजच म्हणा ना!

चामडं कमवायची आपल्याकडची जुनी रीत साधारण अशी: कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, मांस खरवडायचं, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवायचं. त्यातलं टॅनिन कातड्यातल्या कोलेजन या प्रथिनाला घट्ट धरतं आणि कुजणं थांबतं. उरलेल्याचं काय? तुकडे उकळून सरस, हाडांचं खत, शिंगांच्या वस्तू. बाकीचं मातीत जिरणारं.

यालाच आज आपण 'झीरो वेस्ट' म्हणतो. गांधीजींनी १९३४ साली 'हरिजन'मध्ये नेमकं हेच मांडलं: मेलेल्या जनावराचा प्रत्येक भाग गावातच उपयोगात आणा. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी त्या विचाराने चर्मालय चालवलं.

पण या चित्रात एक रकाना राहतो. गावगाड्यात मेलेलं जनावर ओढायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, जोडे शिवायचे चांभारांनी. सगळं जन्मानेच ठरलेलं. 'मला नको' म्हणायची सोय नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी मेलेली गुरं ओढणं सोडा असं सांगितलं, तेव्हा 'केसरी'त कुणीतरी हिशेब मांडला: कातडी, शिंगं, हाडं मिळून वर्षाला पाचशेचं नुकसान होतंय. आंबेडकरांनी १९५६ च्या नागपूरच्या भाषणात ही आठवण सांगितली. त्यांचं उत्तर असं की मग हा फायदा तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी देतो! अर्थातच कुणी पुढे आलं नाही. टाकाऊतून टिकाऊचं गणित बरोबरच होतं. फक्त ते काम करणारा माणूस त्यात धरलेला नव्हता.

तिकडे अमेरिकेत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झने क्रोम पद्धतीचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम झटपट व्हायला लागलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच. मीठ लावलेल्या १००० किलो कातड्यातून चामडं मिळतं जेमतेम २०० ते २५० किलो. उरलेल्यातला क्रोमवाला कीस सहज कुजत नाही आणि जाळला तर त्यातून कॅन्सरकारक क्रोमियम तयार होऊ शकतं.

यावर उपाय आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी अल्कली आणि एन्झाइम वापरून या किसातून जिलेटिन वेगळं काढलं. क्रोम बाजूला राहतं, तेही पुन्हा वापरता येतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतही (स्थापना १९४८) चामड्याच्या कचऱ्यावर बरंच काम झालंय. अशा प्रथिनापासून डिंक, खत, मातीत विरघळणाऱ्या फिल्म बनवता येतात. गंमत बघा, जिलेटिन म्हणजे आपल्या जुन्या सरसाचाच सख्खा भाऊ!

म्हणजे केमिस्ट्री फिरून जुन्या जागी आली. आता हिशेबही तसाच जुना राहू नये, एवढंच. उद्या कुणी 'इको-फ्रेंडली लेदर'चं प्रेझेंटेशन दाखवलं, तर मी तरी तीन प्रश्न विचारणार: हा कचरा हाताळतं कोण? हातमोजे आणि धड पगार मिळतो का? आणि त्याच्या मुलाला दुसरं काम निवडता येतं का?

असो. गार्बेज कलेक्टर आपोआप चालतो, पण फक्त जावामध्ये.