पगारपत्रकावरचा मालक

डोंबिवलीत, कल्याणच्या खडकपाड्यात, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमध्ये गेल्या पाच-सहा वर्षांत एक नवा नोकरदार तयार झालाय. तो सकाळची फास्ट पकडत नाही. दुपारी दोनला लॅपटॉप उघडतो, रात्री अकराला मिटतो. कुठल्या कंपनीत आहेस विचारलं तर ॲमस्टरडॅमची नाहीतर बोस्टनची सांगतो. पण त्याचं पगारपत्रक हातात घेतलं की त्यावर तिसरंच नाव दिसतं. पीएफ त्या तिसऱ्याच्या खात्यावरून जातो, टीडीएस तोच कापतो, महाराष्ट्राचा व्यवसाय कर, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, तोच भरतो. नेमणूकपत्रावर सहीसुद्धा त्याचीच. आणि त्या कंपनीतल्या एकाही माणसाला आपला हा पोरगा कधी भेटलेला नसतो.

याला 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' म्हणतात, थोडक्यात ईओआर. परदेशी कंपनीला भारतात चार माणसं ठेवायची असतात, पण त्यासाठी इथे कंपनी नोंदवणं, पीएफचा कोड घेणं, ऑडिट, कर खात्याचा ससेमिरा हे काही नको असतं. मग इथे आधीच नोंदलेली एखादी कंपनी 'कागदावर मालक' होते, पगार वाटते आणि माणशी फी घेते. डील, रिमोट ही यातली मोठी नावं, दोन्ही २०१९ साली सुरू झालेली. पुढच्याच वर्षी कोविड आला आणि हा धंदा जगभर फोफावला.

सगळे म्हणतात हे एकदम नवीन आहे. मला तसं वाटत नाही. आपल्या या पट्ट्यात 'काम एकाचं, मालक दुसरा' हा खेळ शंभर वर्षांहून जुना आहे. नवीन काय आहे ते नीट कळायचं असेल, तर जुनं आधी बघावं लागतं.

सुरुवात जॉबरपासून करतो. मुंबईच्या गिरण्यांत भरती साहेब करत नसे, जॉबर करायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. गावाकडून माणूस आणायचा, खोलीत टेकायला जागा द्यायची, अडीनडीला व्याजाने पैसे द्यायचे, मग साच्यावर उभं करायचं. त्या बदल्यात दस्तुरी. लागताना द्यायची, कधी कधी दर महिन्यालाही. रजा हवी, जॉबरला विचारा. काम गेलं, जॉबरने काढलं. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. आपले ना. म. जोशी त्या कमिशनचे सदस्य होते. पुढे १९३५मध्ये गिरणी मालकांच्या संघटनेने बदली कामगारांची नोंद ठेवायला सुरुवात केली, ती जॉबरची पकड ढिली करायलाच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. जॉबर स्वतः गिरणीचाच नोकर होता. दरवाजा त्याच्या हातात, पण कागदावर मालक गिरणीच. संप झाला की तो गिरणीविरुद्ध व्हायचा. कुणाशी भांडायचंय, यावर वाद नव्हता.

ठेकेदार आला आणि हे बदललं. स्वातंत्र्यानंतर आपला जिल्हा कारखान्यांनी भरला. शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याची एनआरसी. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट तिचं पहिलं क्षेत्र ठरलं, मग डोंबिवली, मग ठाणे-बेलापूरचा अख्खा पट्टा. कायम कामगारांच्या युनियन बळकट झाल्या, तसं झाडलोट, हमाली, पॅकिंग, कॅन्टीन, बागकाम एकेक करून ठेक्यावर जायला लागलं. ठेकेदाराकडे दरवाजाही होता आणि कागदही. माणूस तो निवडणार, पगार तो देणार, हजेरीपत्रक त्याचं. कारखाना म्हणणार, हा आमचा माणूसच नाही.

यावर कोर्टात जी लढाई झाली, ती मला आपल्या कामगार इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुर्भ्याच्या, म्हणजे चेंबूरकडच्या ट्रॉम्बेच्या, स्टॅन्डर्ड व्हॅक्यूम रिफायनरीत साफसफाईचं काम ठेक्यावर होतं. कायम कामगारांनी ठेकेदाराच्या माणसांसाठी वाद उभा केला. हे मला आजही विशेष वाटतं, कारण स्वतःचं काही अडलेलं नसताना दुसऱ्यासाठी कोर्टात जाणारे आता फार दिसत नाहीत. १९६० साली सुप्रीम कोर्टाने ठेका पद्धत बंद करण्याचा निर्णय कायम ठेवला. काम रोजचं आहे, कायमचं आहे, कारखान्याला लागणारंच आहे, मग ठेका कशाला, हा त्यामागचा साधा विचार. त्यातूनच पुढे १९७०चा कंत्राटी कामगार कायदा आला. त्याने ठेका सरसकट बंद केला नाही. पण दोन गोष्टी दिल्या. एक, जिथे काम कायमचं आहे तिथे सरकार ठेका बंद करू शकतं. दोन, ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यायचा. 'मूळ मालक' हा शब्दच या कायद्याने रुजवला, म्हणजे ठेकेदाराच्या मागे उभा असलेला खरा माणूस.

१९७८मध्ये कालिकतच्या एका दोरखंड कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आणखी पुढची गोष्ट मांडली. कामगाराची रोजीरोटी ज्याच्या धंद्यावर चालते तो मालक, मध्ये कितीही कागद असोत, पडदा बाजूला करून बघा. १९९६मध्ये एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या खटल्यात तर कोर्ट म्हणालं की ठेका बंद झाला की कामगार आपोआप मूळ मालकाचे. पण २००१मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं. आपोआप काही नाही, ठेका नुसता कागदी आहे हे कामगाराने सिद्ध करावं.

कागदी आहे हे सिद्ध कसं करायचं? कसोट्या कोर्टांनीच घालून दिल्या आहेत. माणूस कोण निवडतो, पगार कोण देतो, कोण काढू शकतो, शिस्तीची कारवाई कोण करतो, कामावर देखरेख कोणाची, नोकरी सलग आहे का. मुंबई महापालिकेच्या कचरा गाड्यांवरच्या २,७०० कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघातर्फे हेच सिद्ध केलं. औद्योगिक न्यायाधिकरणात २०१४ला जिंकले, सुप्रीम कोर्टात २०१७ला. त्यानंतरही कित्येकांची नोकरी नावाच्या स्पेलिंगवरून अडली, तो भाग वेगळा.

आता याच कसोट्या ईओआरला लावून बघा. माणूस कोण निवडतो? परदेशी कंपनी, मुलाखत तिचीच. काम कोण सांगतं, कोण तपासतं, बढती कोण ठरवतं? तीच. नको झाला तर कोण सांगतं? तीच. ईओआरकडे काय उरतं? फक्त कागद आणि पगाराची बँक एन्ट्री. जॉबरकडे दरवाजा होता, कागद नव्हता. ठेकेदाराकडे दोन्ही होतं. ईओआरकडे दरवाजा नाही, नुसता कागद आहे. वागळे इस्टेटच्या एखाद्या कारखान्याने हेच केलं असतं आणि कामगार कोर्टात गेले असते, तर त्याच्या वकिलाला घाम फुटला असता. इथे मात्र तीच गोष्ट 'माणसं तुमची, कायदेशीर मालक आम्ही' अशी जाहिरात करून विकली जाते.

मग कुणी भांडत का नाही? पगार बरा असतो, हे एक उत्तर झालं. दुसरं जास्त खोल आहे. १९७०चा कायदा माणसाला पकडत नाही, आस्थापनेला पकडतो. आस्थापना म्हणजे जिथे धंदा चालतो ती जागा. शहाडला धुराडं होतं, तुर्भ्याला रिफायनरी होती, कचऱ्याला पालिकेचा वॉर्ड होता. एनआरसी २००९ला बंद पडली, थकीत देण्यांसाठी कामगारांनी वर्षानुवर्षं हाल सोसले, पण कुठल्या गेटवर बसायचं हे त्यांना माहीत होतं. ॲमस्टरडॅमच्या कंपनीची इथे जागाच नाही. जागा म्हणजे डोंबिवलीतल्या वन बीएचकेमधलं फोल्डिंगचं टेबल, ज्याचा हप्ता कामगारच भरतोय.

परदेशी मालकासाठी मधल्या माणसामार्फत भरती, हेही आपल्याला नवं नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबई बंदरामार्गे माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली. सही व्हायची ती मुंबईत, वसाहतीच्या एजंटासमोर, मळ्याचा मालक त्या वेळी कोणी बघितलेलाही नसे. त्यांची पणतवंडं तिथे आजही मराठी म्हणून ओळखली जातात. तुलना ताणत नाही. गिरमिटात काम सोडलं तर तुरुंग होता, इथे राजीनामा ईमेलने जातो. पुढे आखाताचा काळ आला. मुंब्रा, भिवंडी, सगळं कोकण. एजंटांनी इतकं लुबाडलं की सरकारला १९८३चा उत्प्रवासन कायदा करावा लागला. एजंटाला परवाना, अनामत, करारावर सरकारी नजर. नंतर आयटीतलं बॉडी शॉपिंग. अमेरिकेने १९९०च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आणला, वायटूकेच्या धांदलीत आपली मुलं एका कंपनीच्या पगारावर आणि दुसऱ्याच्या ऑफिसात बसायला लागली. क्लायंट नसेल तेव्हा 'बेंच'वर.

या सगळ्यांत माणूस प्रत्यक्ष जायचा. पासपोर्टवर शिक्का बसायचा, म्हणून सरकारला तो दिसायचा. १९८३चा कायदा देश सोडून जाणाऱ्याला लागू होतो. जो पलावात बसून बोस्टनची नोकरी करतो, त्याने देश सोडलेलाच नाही.

माझ्या ओळखीतलं एक उदाहरण देतो, नावं कोणाचीच सांगत नाही. कल्याणचा मुलगा, एकाच युरोपीय कंपनीचं काम सहा वर्षं केलं. तोच मॅनेजर, तोच लॅपटॉप. मधल्या काळात त्या कंपनीने फी कमी पडते म्हणून ईओआर दोनदा बदलला. प्रत्येक वेळी त्याला एक राजीनामा आणि एक नवं नेमणूकपत्र सही करायला आलं. पगार वाढला होता, त्याने केलं. काम संपलं तेव्हा ग्रॅच्युइटीचं विचारलं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग सेवा लागते. तिसऱ्या ईओआरच्या दप्तरी त्याची सेवा होती दीड वर्षाची. आधीच्या दोघांकडे प्रत्येकी पाचाच्या आतली. परदेशी कंपनीने सौजन्याने उत्तर दिलं की तुम्ही आमचे कर्मचारी नव्हतातच.

हे ऐकून एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या कामगाराला हसू येईल. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलायचं आणि कामगार मात्र तोच, त्याच मशिनवर, दप्तरी 'नवा'. या युक्तीला आपल्याकडे पन्नास वर्षं झाली. फरक इतकाच की तो कामगार ती युक्ती ओळखत होता आणि हा इंजिनीअर पोरगा ओळखत नव्हता, कारण त्याच्या डोक्यात 'कंत्राटी कामगार' म्हणजे झाडू मारणारा माणूस.

आता नवे कायदे आलेत. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या, १९७०चा कायदा त्यात विरघळला. ठेक्याची अट २० कामगारांवरून ५० वर गेली. महाराष्ट्राने ती आधीच ५० केली होती. पण माझं लक्ष व्याख्येकडे आहे. ठेकेदाराकडे जो नियमित नोकरीत आहे, ज्याला ठरावीक काळाने पगारवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळते, तो नव्या व्याख्येत 'कंत्राटी कामगार'च धरला जात नाही. ईओआरचा माणूस कागदावर नेमका असाच दिसतो. म्हणजे मूळ मालक गाठायची जी एक वाट होती, ती त्याच्यासाठी परदेशी कंपनीच्या आधी या व्याख्येपाशीच अडेल असं मला वाटतं. यावर एखादा खटला होईपर्यंत खात्रीने कोणी सांगू शकणार नाही.

ईओआर बंद करा असं मी म्हणत नाहीये. त्याच्या आधी हीच मुलं 'फ्रीलान्सर' म्हणून इनव्हॉइस पाठवत होती, अजूनही हजारो पाठवतात. ना पीएफ, ना भरपगारी रजा, ना बाळंतपणाची रजा, आणि गृहकर्जाला गेलं की बँकवाला पगारपत्रक मागणार. त्यापेक्षा हे बरंच बरं. मुलींसाठी तर खासच, कारण कायद्यातली २६ आठवड्यांची प्रसूती रजा नोकरदाराला आहे, इनव्हॉइसवालीला नाही.

फक्त सही करण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाने तो करार एकदा वाचावा. ईओआर बदलला तर मागची सेवा सलग धरली जाईल का, हे लेखी आहे का बघा. क्लायंटने काम थांबवलं तर नोटिशीचा पगार कोण देणार आणि किती महिन्यांचा, हे बघा. ईओआरचा ठाणे किंवा मुंबईतला खरा पत्ता आहे का, की बंगळुरूचा नुसता को-वर्किंगचा टेबल नंबर आहे, तेही बघा. आणि परदेशी कंपनीकडून एक ओळ ईमेलवर घेऊन ठेवा की तुम्ही अमुक तारखेपासून आमचं काम करताय. स्टॅन्डर्ड व्हॅक्यूमच्या कामगारांकडे गेट होतं. यांच्याकडे तो ईमेल असेल.