उचल आणि करार
न्हावरे-चौफुला रस्त्यावरून कोरियन पॉप संगीताकडे पाहताना

कोरियन पॉप संगीताविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात दोन सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा: एवढ्याशा देशाने सारे जग नाचवले. दुसरा धास्तीचा: कोवळ्या मुलामुलींना वर्षानुवर्षे तालमीत कोंडून, कर्जात ठेवून तारे घडवले जातात. दोन्ही सुरांमागे गृहीत एकच, की हा प्रकार आपल्याला परका आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा इतिहास समोर ठेवला की हे गृहीत मला टिकताना दिसत नाही. या भागाला कोरिया आज माहीत आहे तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एलजीच्या कारखान्यामुळे आणि कॉलेजच्या मुलामुलींच्या मोबाइलमुळे. पण कोरियातल्या त्या धंद्याचा सांगाडा इथे कारखान्याच्या कितीतरी आधीपासून उभा आहे. त्याचे नाव तमाशा.

दोन्हीकडचा पहिला मोठा श्रोता शिपाई होता, हे आधी लक्षात घ्यावे. १९५०च्या दशकात, युद्धाने मोडलेल्या कोरियात, अमेरिकन सैन्याचे तळ हीच गायकांना पैसे देणारी जागा होती. ली नान-यंग या गायिकेने आपल्या दोन मुली आणि एक भाची यांना इंग्रजी गाणी अर्थ न कळता, निव्वळ उच्चार घोटून पाठ करायला लावली आणि तळांवर उभे केले. 'किम सिस्टर्स' या नावाने त्या तिघी १९५९ साली लास व्हेगासला पोचल्या. आपल्याकडे उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ यांची लावणी बहरली तेव्हा वाड्यांतल्या रसिकांइतकाच फौजेतला शिपाईगडी तिचा आश्रयदाता होता. खुद्द शिरूर म्हणजे घोडनदी ही तेव्हा इंग्रजांची छावणी. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगाव भीमाकडे निघाली ती इथूनच.

पेशवाई गेली, फौजा पांगल्या, आणि लावणीचा श्रोता बदलला. शिपायाच्या जागी गावोगावच्या जत्रेतला शेतकरी आला. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड हे दक्षिणेकडून व उत्तरेकडून येणाऱ्या माणसांचे जंक्शन झाले. पुढे ऊस आला. आज न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना आहे, भीमेपलीकडे पाटसला भीमा कारखाना आहे, आणि न्हावऱ्याहून निघालेला रस्ता भीमा ओलांडून पुणे-सोलापूर महामार्गाला जिथे मिळतो त्या चौफुल्यावर संगीतबारीची कला केंद्रे आहेत. उसाचा पैसा आणि लावणी एकाच रस्त्याच्या काठाने वाढली.

तमाशाचे दोन घाट आहेत. ढोलकी-फडाचा तमाशा गण, गौळण, बतावणी, वग अशा क्रमाने रात्रभर चालतो आणि कनाती घेऊन गावोगाव फिरतो. संगीतबारी मात्र थिएटरात मुक्काम करते. एकेका पार्टीत मालकीण, नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली, ढोलकीवाला, पेटीवाला आणि तबलजी असतात. पार्ट्या आळीपाळीने मंचावर येतात, आणि रसिकाने बोलावले तर बैठक होते. शिरूर तालुक्यातले कवठे येमाई हे गाव पहिल्या प्रकाराशी घट्ट जोडलेले. शाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. त्यांनी अनेक फडांसाठी गाणी आणि वग लिहिले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०२१च्या नोव्हेंबरात ते गेले. शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा-पंच तिथे येतात, फलक पाहतात, भाव करतात आणि सुपारी देतात. सोल शहरातल्या एजन्सींच्या कचेऱ्यांत कार्यक्रमांची बोली लागते, तिच्याहून हे वेगळे नाही.

तालमीचेही तेच. १९९२ साली 'सो थेजी अँड बॉइज' यांनी कोरियन दूरचित्रवाणीवर रॅप आणि नाच आणला आणि तरुण श्रोत्यांचा एक नवा बाजार दिसू लागला. त्या बाजाराला पद्धत दिली ली सू-मान यांनी. त्यांनी १९९५ साली एसएम एंटरटेनमेंट काढली, शाळकरी मुलामुलींना काय आवडते ते विचारून घेतले, आणि १९९६ साली 'एच. ओ. टी.' हा पाच मुलांचा संच उतरवला. निवड, मग तालीम, मग पदार्पण हा क्रम तेव्हापासून रुळला. संगीतबारीतली मुलगीही आई-मावशीच्या हाताखाली, ढोलकीवाल्याच्या ठेक्यावर, अदाकारी शिकत मोठी होते आणि एके दिवशी पायांत चाळ बांधून उभी राहते. फरक एवढाच की कोरियातली मुलगी घर सोडून कंपनीत जाते आणि इथे घर हीच कंपनी असते. या घराचा हिशेब किती कठोर असू शकतो ते किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहून मराठी वाचकाला कायमचे दाखवून ठेवले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या दोन्ही धंद्यांचा कणा पैसा आहे, आणि तो कलावंताच्या हातात कला दाखवण्याआधी येतो. कोरियात कंपनी तालीम, राहणे, जेवण, कपडे, ध्वनिमुद्रण यांवर खर्च करते आणि तो पुढच्या कमाईतून वळता करून घेते. आपल्याकडे त्याला उचल म्हणतात. हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा असतो, पण पावसाळ्यात घर चालवायला, लग्नाला, दवाखान्याला कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्या फडाचा होतो. घोडगंगेच्या आणि भीमेच्या फडात ऊस तोडायला येणारा मजूरही मुकादमाकडून उचलच घेऊन येतो. त्याचाही हंगाम साधारण तेव्हाच सुरू होतो. ऊसतोडीचा फड आणि तमाशाचा फड यांना भाषेने एकच शब्द दिला, आणि कर्जालाही एकच. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी श्रम बांधून घेणे गुन्हा ठरवले. पण उचलीला वेठबिगारी म्हणायला इथे कोणाचीच जीभ रेटत नाही, कारण अडीअडचणीला तीच धावून येते.

कोरियातला करार याहून मवाळ नव्हता, किंबहुना अधिक लांब होता. पण तो कागदावर होता. २००९ साली 'डोंगबांगशिंकी' या पाच जणांच्या संचातले तिघे, तेरा वर्षांचा करार घेऊन, सोलच्या न्यायालयात गेले. ऑक्टोबरात न्यायालयाने अंतरिम आदेशाने त्यांना स्वतंत्रपणे काम करण्याची मोकळीक दिली. त्याच वर्षी तिथल्या व्यापारनियंत्रक आयोगाने नमुना करार काढला आणि मुदत सात वर्षांवर आणली. २०१७ साली याच आयोगाने शिकाऊ मुलांच्या करारांकडे पाहिले. मूल मध्येच सोडून गेले तर खर्चाच्या दुपटी-तिपटीने दंड घेण्याची कलमे त्याने काढायला लावली. तिथल्या वर्तमानपत्रांनी जुन्या करारांना 'गुलामी करार' म्हटले होते. शब्द जहाल होता, पण तो एका वाचता येणाऱ्या कागदाला चिकटवता आला.

आपल्या सरकारने तमाशाकडे पाहिले नाही असे नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत त्यावर बंदी आली, आणि ती उठली ती वगांच्या संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. म्हणजे वगातला प्रत्येक शब्द सरकारी नजरेखालून गेला, पण फडमालकाची वही गेली नाही. कोरियन सरकारनेही १९७५ साली गाण्यांवर सरसकट बंद्या घातल्या होत्या. पण पुढे तेच राज्य गाण्याचे शब्द सोडून कराराची कलमे वाचू लागले. आपले राज्य अश्लीलतेपाशी थांबले. मग पुरस्कार आले, अनुदाने आली. ज्या विठाबाईंच्या नावे आज जीवनगौरव दिला जातो त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता, आणि तरी २००२ साली त्या गेल्या त्या पैशाच्या ओढीतच.

नावाचा हिशेबही असाच. 'एच. ओ. टी.'चे पाचही जण २०१८ साली पुन्हा एकत्र आले तेव्हा ही तीन अक्षरे दुसऱ्याच्या मालकीची निघाली, आणि कार्यक्रमाला लांबलचक पूर्ण नाव द्यावे लागले. आपल्याकडे नाव गावाच्या मालकीचे असते. नारायणगावकर, कवठेकर, सातारकर, पुणेकर. कांताबाई सातारकरांचा फड संगमनेरचा, पण नाव साताऱ्याचे. हे नाव कोणी काढून घेऊ शकत नाही. मात्र फलकावर ज्याचे नाव, त्याचाच फड. मागे नाचणाऱ्या मुलीला ना नाव, ना वाटा मागायचा कागद.

२०२०चे टाळेबंदीचे वर्ष दोन्हीकडच्या हिशेबांची परीक्षा घेऊन गेले. जूनमध्ये बीटीएसने घरबसल्या पाहता येईल असा कार्यक्रम केला आणि साडेसात लाखांवर लोकांनी तो तिकीट काढून पाहिला. इथे पाडव्याच्या जत्रा बंद, नारायणगावच्या सुपाऱ्या बंद, चौफुल्याची थिएटरे बंद. उचल मात्र घेऊन झालेली होती, आणि हंगाम बुडाला तर तिचे काय, हे कुठे लिहून ठेवलेले नव्हते.

कागद आला की सगळे सुटते असा माझा दावा नाही. सात वर्षांच्या मुदतीतही कोरियन मुलांची झोप, वजन आणि खासगी आयुष्य कंपनीच्या हातात राहते. तोंडी व्यवहारात एक माणुसकीही असते. मध्यरात्री दवाखान्याला पैसे देणारी मालकीण कोणत्याही एजन्सीच्या करारात सापडणार नाही. पण माणुसकी मालकिणीच्या मर्जीवर असते, आणि मर्जीविरुद्ध दाद मागता येत नाही. कोरियाकडून आपण घ्यायचे ते नाच नव्हेत, नाच आपल्याकडे पुष्कळ आहेत. घ्यायचे ते एक पान: उचल किती, वळती कशी, हंगाम बुडाला तर काय, आणि सोडून जायची मोकळीक कधी. शिरूर-दौंडच्या फडांत आणि बारीत ते पान एकदा लिहिले गेले, तर उसाच्या फडातला मजूरही ते उद्या मागेल.