आपणच घरमालक, आपणच भाडेकरू

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी आमच्याकडे लेखाची मागणी केली, तेव्हा मंडळाचा इतिहास लिहिण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी आहेत, हे आम्ही प्रथमच सांगून टाकले. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर. फायलींपलीकडे आमची लेखणी फारशी चाललेली नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे सरकारी क्वार्टर्स सोडून आता स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहावयास गेली आहेत. अनेक कुटुंबांनी मिळून एक इमारत बाळगण्याची ही रीत आली कोठून, हे सांगावे असे वाटले. त्यास एक खाजगी कारणही आहे. ते ओघाने येईलच.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीतील घरांची दैना सरकारच्या डोळ्यांत भरली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नवे रस्ते आखले गेले, नवे भूखंड पडले. परंतु कारकुनी पगारावर जगणाऱ्यास भूखंड घेऊन घर बांधणे कसे परवडावे? कारवार-होनावरकडून पोटासाठी मुंबईस आलेल्या सारस्वत कुटुंबांपुढे हाच प्रश्न होता. त्यांच्यातील राव बहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली होती. (आजची शामराव विठ्ठल बँक ती हीच.) त्याच तालमकींच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीस सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली.

येथे कायद्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. तो आमच्या स्वभावाचाच दोष समजावा. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना नोंदणीचा मार्ग १९१२ च्या कायद्याने मोकळा करून दिला. म्हैसूर संस्थानाने मात्र १९०५ सालीच स्वतंत्र कायदा केला होता, आणि १९०९ मध्ये बंगळुरास घरबांधणीची सहकारी संस्था निघालीही होती. तेव्हा पहिलेपणाचा मान कोणाचा, यावर मुंबईकर व बंगळूरकर यांनी खुशाल वाद घालावा! आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती गावदेवीची पद्धत. तेथे इमारती संस्थेच्या मालकीच्या आणि राहणारा हा संस्थेचा सभासद व भाडेकरू. भाडे द्यावयाचे ते ज्या संस्थेत आपला भाग आहे तिलाच. वर्षातून एकदा साधारण सभेत बसून तोच भाडेकरू घरमालकाचे हिशेब तपासणार! इंग्लंडमध्ये लंडनजवळ ईलिंग येथे १९०१ पासून असाच प्रयोग चालू होता. तो मुंबईच्या मध्यमवर्गीयांच्या पचनी पडला, याचे कारण उघड आहे. भिशी, पतपेढी, ज्ञातिसंस्था यांच्या सभांत बसून वर्गणीचा जमाखर्च ऐकण्याची त्यांना आधीपासूनच सवय होती.

पुढे १९२५ साली मुंबई प्रांताचा स्वतःचा सहकारी कायदा झाला आणि राज्यनिर्मितीनंतर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आला. या संस्थांचे मूळ सूत्र एका सभासदास एक मत हे आहे. फ्लॅट मोठा असो वा लहान, हात एकच वर करावयाचा. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींप्रमाणे झाडलोट, पहारा, कचेरी यांचा सेवाखर्चही सर्वांना सारखाच. १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने मात्र निराळी वाट काढली. तेथे प्रत्येकजण आपल्या फ्लॅटचा स्वतंत्र मालक. जमीन, जिना, गच्ची यांत त्याचा अविभाज्य हिस्सा, आणि सामाईक खर्च त्या हिश्श्याच्या प्रमाणात. एकीकडे माणसे मोजतात, दुसरीकडे टक्के मोजतात. आम्हांस यांतील पहिले अधिक आवडते, हे लपविण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राबाहेर आपल्यासारख्यांचा संबंध बहुधा दुसऱ्या प्रकारच्या संघांशी येतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी घरे बांधणारी संस्था १९९० साली निघाली आणि तिच्या ‘केंद्रीय विहार’ वसाहती अनेक शहरांत झाल्या. इमारत पुरी झाली की कारभार रहिवाशांच्या संघाकडे, असा हा क्रम. उत्तर प्रदेशात २०१० साली अपार्टमेंटचा कायदा झाला. प्रांताप्रांतांचे कायदे भिन्न. परंतु साधारण सभा, कार्यकारिणी, हिशेब, इतिवृत्त ही चौकट सगळीकडे तीच. ती आपल्या मंडळाचीही आहे.

आता ते खाजगी कारण. पंचवीस वर्षे आम्ही क्वार्टर्समध्ये राहिलो. नळ गळाला तर चौकशी कार्यालयाच्या वहीत तक्रार लिहावयाची आणि वाट पाहावयाची, एवढाच आमचा घराच्या कारभारातील सहभाग. स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो ते हीच वृत्ती घेऊन. आमचे घर तळमजल्यावर. तिसऱ्या वर्षी लिफ्टची मोटर जळाली आणि कार्यकारिणीने प्रत्येक घराकडून सारखी रक्कम मागितली. आम्ही लेखी हरकत घेतली, की ज्या यंत्राचा आम्ही उपयोग करीत नाही त्याचा खर्च आम्ही का द्यावा? मसुदा मोठा बिनतोड झाला होता. तळमजल्यावरील इतर सात घरांनीही त्यावर सह्या ठोकल्या, रक्कम पुरी जमेना, आणि लिफ्ट एकोणीस दिवस बंद राहिली.

ते दिवस गणेशोत्सवाचे होते. आमच्याच जिन्यात सातव्या मजल्यावर मंडळातील एक वयोवृद्ध मावशी राहत असत. गुडघ्यांमुळे जिना उतरणे त्यांना अशक्य. आरतीच्या वेळी त्या मंडळात दिसल्या नाहीत, म्हणून आमच्या सौभाग्यवती प्रसाद घेऊन वर गेल्या. मावशींनी विचारले, “लिफ्ट कधी सुरू होणार ग? भावजींना काही ठाऊक असेल.” सौभाग्यवतींनी खाली येऊन तो प्रश्न आमच्यापुढे जसाच्या तसा ठेवला. त्या रात्री आम्ही प्रथमच उपविधी वाचावयास घेतले. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर स्वच्छ दिलेले आढळले: लिफ्टचा खर्च ती ज्या इमारतीत आहे तेथील सर्व सभासदांनी सारखा सोसावा, मग कोणी ती वापरो वा न वापरो. आमच्या वसाहतीस ते नियम बंधनकारक नव्हते. परंतु हरकत मागे घेण्यास तेवढे पुरेसे होते.

पुढील साधारण सभेत आम्ही उभे राहून तसे सांगितले. सांगितले म्हणजे कोणास, हाही प्रश्नच होता. एकशे बारा घरांपैकी चौदाजण हजर! गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली आणि मग त्याच चौदाजणांनी सारे ठराव संमत केले. शिक्षा म्हणा वा बक्षीस, त्याच सभेत चिटणिसाचे काम आमच्या गळ्यात पडले.

तेव्हापासून आम्ही एक केले. वार्षिक सभेपूर्वी प्रत्येक जिन्याची स्वतंत्र बैठक घ्यावयाची, तीही कोणाच्या तरी घरी, चहावर. कागद हिंदीत व इंग्रजीत. बंगाली व तमिळ शेजाऱ्यांस अडेल तेथे तोंडी. पाण्याच्या टाकीची वही दोन गृहिणींकडे दिली, आणि टँकरचे बिल किती फुगवलेले असते ते पहिल्यांदाच उघडकीस आले. थकबाकीची यादी फळ्यावर लावण्याची प्रथा बंद करून चिटणिसाने स्वतः दारात जावे असे ठरविले. हे काम सुखाचे नाही. दोन दारे आमच्या तोंडावर बंद झाली आहेत. गेल्या सभेस एकसष्टजण आले. भांडणेही त्या मानाने वाढली आणि सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली.

मावशी आता आपल्यात नाहीत. त्यांचा फ्लॅट चिरंजीवांनी भाड्याने दिला असून तेथे एक ओडिया कुटुंब राहते. भाडेकरूस मत नाही, परंतु जिन्याच्या बैठकीस ते गृहस्थ नियमाने येतात. पुढील बैठक त्यांच्याच घरी, सातव्या मजल्यावर आहे.