टँकमधलं कोरल मिटून बसलंय? बाटली ओतण्याआधी हे तपासा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कित्येक महिने छान फुललेलं कोरल एके दिवशी मिटतं आणि दुसऱ्या दिवशीही उघडत नाही. मग मालकाची तारांबळ उडते. कुणी औषधाची बाटली ओततो, कुणी निम्मं पाणी बदलतो, कुणी लाइट वाढवतो. बऱ्याचदा कोरलला मूळ कारणापेक्षा ही धावपळच जास्त भोवते.

कोरल म्हणजे प्रवाळ, आणि प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नव्हे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर त्याच्यासाठी अन्न तयार करतं. पाणी, प्रकाश, तापमान किंवा प्रवाह यांत काही बदललं, की तो पॉलिप आत ओढून घेतो. म्हणजे मिटणं हे लक्षण झालं, रोग नव्हे.

आपल्याकडे हा छंद मुख्यतः मऊ कोरलवरच चालवावा लागतो. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहेत. मालवणला किंवा गोव्यात डुबकी मारायला गेल्यावर छोटासा तुकडा उचलून आणणं हाही गुन्हाच. लेदर कोरल आणि झोअँथिड हे या गटांत मोडत नाहीत, म्हणून पुढची माहिती त्यांच्याबद्दलच.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते लेदर कोरल, म्हणजे छत्रीसारखं दिसणारं सार्कोफायटन. त्याचे पॉलिप आत जातात, टोपी आक्रसते आणि वर मेणचट, चकचकीत थर येतो. मेलं असं वाटतं, पण खरं तर ते कात टाकत असतं. वर साचलेलं शेवाळ आणि घाण त्या थरासोबत निघून जाते. याला काही दिवस लागतात, कधी आठवडा-दोन आठवडेही. प्रवाह थोडा वाढवला की थर लवकर सुटतो. हाताने सोलू नये. काळजी केव्हा करायची? देठ काळा पडून लिबलिबीत झाला, मांस गळू लागलं किंवा कुजका वास आला तर. तेव्हा सडलेला भाग धारदार ब्लेडने कापून चांगला भाग वेगळ्या पाण्यात ठेवावा.

कात टाकण्याची ही खूण दिसत नसेल तर पहिला संशय मिठावर घ्यावा. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटरच्या टँकमधून ५ लिटर पाणी उडालं, की लिटरमागे ३५ ग्रॅमचं प्रमाण जवळपास ३७ वर जातं. ही भर गोड्या पाण्यानेच करायची असते. नवखे लोक खारं पाणी ओततात आणि मीठ वाढतच जातं. घनता १.०२५ ते १.०२६ असावी आणि मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेला असावा, नाहीतर आकडा फसवतो.

भरीचं पाणी कुठलं, हाही प्रश्न आहेच. बोअरचं नको, नळाचंही नको. स्वयंपाकघरातल्या आरओचा भरवसाही धरू नये, कारण चव राखायला त्यांतल्या अनेकांत थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळले जातात. आरओच्या पुढे डीआयचा फिल्टर लावून टीडीएस शून्यावर आणावा. पाण्यातून तांबं आलं तर ते मऊ कोरल आणि कोळंबी, दोघांनाही घातक.

उन्हाळ्यात दुसरा संशय उष्णतेवर. पाणी २४ ते २७ अंशांत हवं. इंदूर किंवा हैदराबादच्या कोरड्या मे महिन्यात पाण्यावर पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं. गोव्याच्या दमट हवेत तोच पंखा फारसं काम करत नाही, तिथे चिलरला पर्याय कमीच. पंखा लावला की पाणी जास्त उडतं, म्हणजे पुन्हा मिठाचा हिशेब आलाच.

लाइट नवीन लावलाय का, हेही आठवून पाहावं. कोरल आक्रसून पांढुरकं पडत असेल तर प्रकाश जास्त. तपकिरी होऊन वर ताणलं जात असेल तर कमी. नवा एलईडी निम्म्या ताकदीवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवावा.

क्लाउनफिश लेदर कोरलमध्येच घर करते आणि सतत घासत राहते, तेव्हाही ते मिटून राहतं. शिवाय लेदर कोरल शेजाऱ्यांना हटवायला पाण्यात रसायनं सोडतं. अशा टँकमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवून तो नियमित बदलावा. खोलीत डासांचा स्प्रे मारला होता का, हेही घरच्यांना विचारावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीन-चार दिवस वाट पाहावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

झोअँथिड मिटले असतील तर रात्री टॉर्च घेऊन पाहावं. त्यांच्यावर जगणाऱ्या बारीक गोगलगायी अंधारात दिसतात. मात्र इथे कोरलपेक्षा माणसाचा जीव मोठा. काही झोअँथिडमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलीटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. त्यांचा दगड उकळणं, गरम पाण्याने धुणं किंवा ब्रशने खरवडणं यातून उडालेल्या वाफेने आणि तुषारांनी घरच्या घरी विषबाधा झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावं, हाताला जखम असेल तर करूच नये, मुलांना लांब ठेवावं. नंतर ताप, खोकला, धाप किंवा हातपाय दुखणं सुरू झालं तर थेट दवाखाना गाठावा. या विषावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच होतात, म्हणून डॉक्टरांना टँक आणि पॅलीटॉक्सिन ही दोन्ही नावं आधी सांगावीत.