लॉकडाऊनमध्ये पोरांची झोप कुठं गेली?

बीडमध्ये बार्शी रोडला किंवा नगर रोडला पहाटे पाचला गेलात, तर पळणारी पोरं दिसतातच. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी सैन्याची. आपल्याकडं व्यायाम ही हौस नाही, नोकरीचा अर्ज आहे. 25 मार्च 2020 पासून हे रस्ते रिकामे झाले. संचारबंदीत पळायला निघायचं तर काठीची भीती. मैदानं बंद, जिमला कुलूप, वसतिगृहं रिकामी.

लॉकडाऊनचा इतिहास आपण रुग्ण आणि मृत्यूंच्या आकड्यांत लिहिला. कॉलेजच्या पोरापोरींचं काय झालं, ते त्यात नाही.

आधी आठवा, त्यांचा दिवस कशावर उभा होता? सातची एसटी, स्टँडपासून कॉलेजपर्यंतची चाल, संध्याकाळचं मैदान. हे सगळं एका रात्रीत गेलं आणि हातात फक्त मोबाईल उरला. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं. रात्री दोनपर्यंत स्क्रीन आणि सकाळी दहाला उठणं सुरू झालं की ते घड्याळ मागं पडतं. इटलीत तेव्हा 18 ते 35 वयाच्या 1,310 जणांचा अभ्यास झाला. ते अंथरुणात जास्त वेळ होते, पण झोपेचा दर्जा मात्र घसरला होता. म्हणजे लोळणं वाढलं, झोप नाही.

आपल्याकडं त्यात परीक्षेचा घोर. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची नाही, असं राज्य सरकार म्हणत होतं. 6 जुलैला यूजीसी म्हणाली, घ्यावीच लागेल. निकाल लागला 28 ऑगस्टला, तोही सर्वोच्च न्यायालयात. पाच महिने पोरांना माहीत नव्हतं, अभ्यास करायचा की नाही. एमपीएससीची 5 एप्रिल 2020 ची पूर्वपरीक्षा पुढं ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. अशात झोप लागेल कुणाला?

एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. 17 एप्रिलला सरकारनं ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी दिली. कोयता खाली ठेवून आलेल्या घरांतली कॉलेजची पोरं जूनमध्ये पेरणीला लागली. तीही काळजीत होतीच. पण दिवसभर रानात राबलेलं पोरगं रात्री पडल्या पडल्या झोपायचं. शहरात पत्र्याच्या खोलीत अडकलेलं पोरगं मला रात्री तीनला मेसेज करायचं, "सर, भरती निघणार का?"

भरती निघाली, पण 18 हजारांहून जास्त पोलीस पदांच्या त्या भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली जानेवारी 2023 मध्ये. तोवर कुणाचं वय निघून गेलं, कुणाचा दम. 1600 मीटर धावायचा सराव तुटला की तो महिन्याभरात परत येत नाही.

त्याच 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं दिल्लीत अर्धमॅरेथॉन 60 मिनिटं 30 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. अभिमान वाटलाच. पण त्याच्यामागं सैन्यदल होतं, प्रशिक्षक होते. बाकीच्या पोरांमागं कोण होतं? मातीत दम आहे, व्यवस्थेत नाही.

कॉलेजं नीट उघडली 20 ऑक्टोबर 2021 ला. दीड वर्षाहून जास्त काळ गेला. सुरुवातीच्या संचारबंदीत तरी मैदान पहाटे दोन तास, अंतर ठेवून, वीस-वीसच्या गटानं उघडता आलं नसतं का? बाजाराला वेळा ठरवून दिल्या, मैदानाला का नाही?

पुन्हा अशी वेळ आली तर हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारला पाहिजे. त्यासाठी आधी नोंद पाहिजे. तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल तर खाली लिहा: किती वाजता झोपायचात, पळणं कधी थांबलं, आणि परत सुरू झालं का?